भुऱ्या चिंधी सोडेना: निपाणीतल्या एका मुधोळ पिल्लाचं प्रकरण

कुत्र्यांना शिकवण्याच्या माझ्या कामातलं हे प्रकरण निपाणीतल्या एका एकत्र कुटुंबातलं आहे. मुधोळ या शिकारी जातीचा नर कुत्रा, मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा साडेतीन महिन्यांचा, अंगाचा रंग मातकट पिवळा म्हणून नाव भुऱ्या. तक्रार अशी की खेळताना तोंडात धरलेली वस्तू तो काही केल्या सोडत नाही, काढून घ्यायला गेलं की गुरगुरतो, आणि त्या ओढाताणीत घरातल्या आठ वर्षांच्या नातवाच्या हाताला दात लागले. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कुत्र्याचं नावसुद्धा.

फोन सूनबाईंनी केला होता. “ताई, एकदा धरलं की सोडंनाच झालंय बघा. मामंजी तोंड फाकवून काढतात, तर आता त्यांच्यावर पण गुरगुराय लागलंय.”

कुत्र्याचं बाजूला ठेवून मी आधी मुलाच्या हाताचं विचारलं. कातडी फाटून रक्त आलं होतं. घरचंच पिल्लू, त्याला लस दिलेली, म्हणून हळद दाबून गप्प बसले होते. हे मी कुणाकडेच चालवून घेत नाही. दात लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, घरातल्यांनी ठरवायचं नाही. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. भुऱ्याला ती नुकतीच दिली होती, तिच्यावर विसंबून राहावं अशी वेळ अजून आलेली नव्हती. आणि माणसात रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो जवळजवळ कधीच वाचत नाही. मुलगा दवाखान्यात जाऊन आला, मग मी निपाणीला गेले.

घर आणि पिल्लू

मुधोळ गाव बागलकोट जिल्ह्यात, आपल्या बेळगावला लागूनच. त्या गावावरून नाव पडलेल्या या कुत्र्यांना आपल्याकडे कारवानी असंही म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळच्या तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठीचं केंद्रही आहे. अलीकडे लष्करात या कुत्र्यांची चाचणी झाल्याच्या बातम्या आल्यापासून मागणी वाढली आहे. चिकोडी, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात पिल्लं सहज मिळतात, आणि पुष्कळदा फार लवकर आईपासून तोडून मिळतात.

भुऱ्या घरी आला तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचा होता. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. या नियमामागचं कारण भुऱ्याच्या तोंडात दिसत होतं. भावंडांशी झोंबताना पिल्लू दातांचा जोर आवरायला शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, पाठ फिरवतं, खेळ तिथेच मोडतो. हे असं पुन्हा पुन्हा घडलं की जबडा हलका होतो. भुऱ्याचं ते शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं आणि उरलेलं एका आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर चाललं होतं. दुधाचे २८ दात लहान असले तरी सुईसारखे टोकदार असतात.

दुसरी गोष्ट जातीची. मुधोळ नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. उघड्या माळावर पळणारा ससा दुरून हेरून त्याच्यामागे सुटायचं, हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. हलणारी गोष्ट दिसली की त्याला बाकीचं जग दिसत नाही. या प्रकरणात पुढे हीच गोष्ट सगळ्यात जास्त कामाला आली.

आता घर. रस्त्याकडे सोपा, मधे माजघर, मागे परडं, आणि परड्याला लागून तंबाखूची छोटी वखार. वाळलेल्या पानांचा चुरा वाऱ्याने परड्यात येतो. आजोबा विडी ओढतात, थोटकं पायरीजवळ पडतात. निपाणीत याचं कुणाला नवल वाटणार नाही, पण पिल्लू असलेल्या घरात ही धोक्याची मांडणी आहे. निकोटिन कुत्र्याला विषारी असतं. तंबाखू पोटात गेली तर तासाभराच्या आत लाळ गळणं, उलटी, अस्वस्थपणा, थरथर सुरू होऊ शकते, प्रमाण जास्त असेल तर झटके येतात आणि जीवही जातो. म्हणून या घरात ‘सोड’ हा शब्द पाहुण्यांना दाखवायची करामत नव्हती. तोंडातली वस्तू पिल्लाने आपणहून टाकणं ही इथे गरज होती.

पहिली भेट: सुटल्यानंतर काय होतं

मी काही शिकवायला लागले नाही. “रोज खेळता तसंच खेळा” असं सांगून सोप्यात बसून राहिले.

नातवाने सुती दोरीचा तुकडा आणला. भुऱ्या झेपावला, ओढाओढ सुरू झाली. थोड्या वेळात मुलगा दमला आणि ओरडायला लागला, “सोड! सोड!” माजघरातून काका, “ए, ड्रॉप!” वखारीतला कन्नड बोलणारा गडी दारातून, “बिडो, बिडो!” पिल्लाच्या कानावर आवाज तीन, आणि तिन्हींच्या वेळी त्याने दोरी धरलेलीच. म्हणजे हे आवाज ऐकू येतात तेव्हा घट्ट धरायचं असतं, एवढंच त्याला त्यातून कळत होतं.

मग आजोबा आले. एका हाताने जबडा धरला, गालातून अंगठा दाताखाली सारला, दोरी काढली आणि फडताळात टाकून दार लावलं. “बास झालं.” भुऱ्या फडताळावर दोन उड्या मारून भुंकला आणि मुलाच्या चड्डीला लोंबकळला.

तासाभरात असे प्रसंग पुन्हा पुन्हा झाले. तो किती वेळ धरून ठेवतो याकडे मी फारसं पाहत नव्हते. वस्तू तोंडातून गेल्यानंतर पुढे काय होतं, हे टिपत होते. दोरी काढून घेतली, फडताळात गेली, खेळ संपला. चेंडू एकदा त्याने स्वतःच टाकला, मुलाने झटक्यात उचलून खिशात घातला, खेळ संपला. आजीची चप्पल त्याने पळवली तेव्हा मात्र तिघं जण परड्यात त्याच्यामागे धावले. हौदाला वळसा, तुळशीला वळसा, पुन्हा हौदाला. दिवसभरातला सगळ्यात झकास खेळ त्याला चप्पल न सोडल्याबद्दल मिळाला.

सोडलं की नुकसान, धरून पळालं की चंगळ. भुऱ्या हट्टी नव्हता, घराने शिकवलं तेच तो चोख करत होता. न सोडणाऱ्या बहुतेक पिल्लांची गोष्ट हीच असते. तोंड फाकवून काढल्याने त्यात आणखी भर पडते. माणसाचा हात तोंडाजवळ येतो तो लुटायलाच येतो, हे पिल्लाच्या मनात पक्कं होतं. मग ते आधीच तोंड फिरवतं, लपतं, गिळून टाकतं आणि शेवटी गुरगुरतं.

दोन गुरगुरी

गुरगुरण्याने घर घाबरलं होतं, म्हणून हे थोडं सविस्तर.

दोरीशी खेळताना भुऱ्या गुरगुरायचा तेव्हा अंग सैल, ढुंगण वर, शेपूट मोकळी हलणारी, डोळे मिचकावत असायचा. दोरी त्याच्याकडे राहिली तर तीच घेऊन मुलाच्या गुडघ्यावर आणून आपटायचा, ‘ओढ की!’ म्हणून. ही खेळाची गुरगुर. तिला घाबरायचं कारण नाही.

दुपारी त्याला परड्यात हाड दिलं तेव्हा मी लांबून पाहिलं. आजी धुणं वाळत घालायला त्याच्या जवळून गेल्या आणि तो चघळायचा थांबला. मान हाडावर खाली, अंग ताठ, डोक्याची हालचाल नाही पण डोळे आजींवर, त्यांचा पांढरा भाग दिसणारा. मग बारीक, खोल आवाज. ही राखणीची गुरगुर. इथे तो खेळत नाही, ‘माझ्या खाण्याजवळ येऊ नका’ म्हणतो आहे.

घरात दोन्हींना एकच औषध चालू होतं, नाकावर टपली. राखणीच्या गुरगुरीवर टपली मारू नये, हे मी फार आग्रहाने सांगते. गुरगुर ही पूर्वसूचना आहे. मार खाऊन ती बंद होते, तिच्यामागची भीती जशीच्या तशी राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो. हाडाचं काम खेळापासून वेगळं ठेवायचं, मुलाने हाडाच्या वेळी परड्यात जायचं नाही, आणि शिजवलेलं हाड तर द्यायचंच नाही, कारण त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. एवढं त्या दिवशी ठरलं.

आजोबांचं म्हणणं

आजोबांनी शेतावर आयुष्यभर कुत्री सांभाळली आहेत. त्यांचा मुद्दा सरळ होता. “ओढाओढीचा खेळच नको. एकदा जिंकलं की डोक्यावर बसतंय.”

हा समज आपल्याकडेच नाही, जगभर आहे, आणि तो तपासून पाहिला गेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांशी ओढाओढ खेळली गेली, कधी कुत्र्यांना जिंकू दिलं, कधी हरवलं. जिंकल्यामुळे कुत्री माणसावर वरचढ झाल्याचं दिसलं नाही. उलट खेळानंतर, जिंकोत वा हरोत, ती माणसाकडे जास्त लक्ष देत होती. गोल्डन म्हणजे मुधोळ नव्हे, आणि १४ ही संख्याही मोठी नाही, हे मी आजोबांना सांगितलं. पण माझाही अनुभव त्याच बाजूचा आहे. ओढाओढ हा पिल्लाला ‘सोड’ शिकवायचा सगळ्यात चांगला वर्ग आहे, कारण धरण्याची आणि सोडण्याची वेळ एका खेळात कितीतरी वेळा येते. खेळच बंद केला तर शिकवायचं कुठे?

आजोबांना पटलं असं नाही. पण म्हणाले, “करा तुमच्या पद्धतीनं. मी हात लावत न्हाई.” मला तेवढंच हवं होतं. तोंड फाकवणं थांबलं नसतं तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं.

त्याच दिवशी वखारीच्या दाराला कंबरेइतकी जाळी लावायची ठरली, थोटकांसाठी पायरीवर झाकणाचा डबा आला, चपला फळीवर गेल्या. शिकवणं सावकाश होतं, जाळी त्याच संध्याकाळी लागते. तंबाखूपासून भुऱ्या वाचला त्याचं पहिलं श्रेय मी त्या जाळीला देईन. बेदाण्यांचे डबेही उंचावर ठेवायला सांगितले. अथणीकडून नातेवाईक बेदाणे पाठवतात आणि मुलं ते सोप्यात बसून खातात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत आणि किती खाल्ले म्हणजे बाधतील याचा नेम नाही. थोडेच खाल्ले म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

खेळाबाहेरची अदलाबदल

सुरुवात शांत वेळेला, माजघरात, सूनबाईंच्या हातून केली. शब्द एकच ठरला, ‘सोड’. काकांनी आणि वखारीतल्या गड्यानेही तोच वापरायचा. आणि पहिले काही दिवस तोही वापरायचा नाही.

भुऱ्याला फारसा न आवडणारा जाड कापडाचा तुकडा द्यायचा. त्याने धरला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्या नाकाशी न्यायचा. तोंड उघडलं, कापड पडलं, की “शाब्बास”, चिकन तोंडात, आणि लगेच कापड परत त्याच्याच पुढ्यात. हे परत देणं लोकांना जड जातं. “सोडलंय तर घेऊन टाकू की,” सूनबाई म्हणाल्या. पण सगळी मेख तिथेच आहे. सोडल्यावर वस्तू जात नाही, वर खाऊ मिळतो आणि वस्तूही परत येते, हे पिल्लाला भरपूर वेळा अनुभवायला हवं. खरोखर काढून घ्यायची वेळ क्वचित यावी, आणि आली तरी ती अशा शेकडो परतफेडींमध्ये बुडून जावी.

तोंड हमखास उघडायला लागलं तेव्हा शब्द आणला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी “सोड”, मग क्षणभर थांबून हात खिशाकडे. हात आधी हलला तर पिल्लू हाताकडे बघून सोडतं, शब्द कानावर पडतो पण डोक्यात शिरत नाही. मग हात रिकामा आहे हे ज्या दिवशी त्याला कळतं त्या दिवशी ते सोडायचं बंद करतं. ‘खाऊ दाखवला तरच ऐकतो’ अशी तक्रार घरोघरी असते, तिचं मूळ बहुतेक वेळा या क्रमात असतं.

आठवड्याभरात माजघरात भुऱ्या “सोड” म्हटलं की कापड टाकायला लागला. घर खूश झालं.

खेळात मात्र चिकनला विचारेना

मग नातवाने दोरी आणली, ओढाओढ रंगात आली, सूनबाई “सोड” म्हणाल्या, चिकन नाकाशी नेलं, आणि भुऱ्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिकन ओठाला लावलं तरी नाही. “विसरला बघा सगळं.”

तो विसरला नव्हता. त्याचे डोळे कुठे होते ते बघा, असं मी त्यांना म्हटलं. डोळे दोरीच्या लोंबणाऱ्या टोकावर होते. टोक हललं की कान उभे. मटण, चिकन, पेढा, काहीही आणा, पळणाऱ्या चिंधीपुढे या जातीच्या पिल्लाला त्या क्षणी त्याची किंमत नाही. मग सोडण्याचं बक्षीस म्हणून चिंधीचं पळणंच द्यायचं. खेळ थांबवायला खाऊची लाच देण्यापेक्षा, सोडल्यावर खेळ आणखी जोरात सुरू करायचा.

आजींच्या जुन्या सुती लुगड्याच्या दोन सारख्या वेण्या विणल्या, प्रत्येकीला हातभर लांब दोरी बांधली, म्हणजे मुलाचे हात दातांपासून लांब राहतील. रीत अशी बसवली.

मुलगा एक चिंधी जमिनीवरून सरपटवत नेतो. भुऱ्या झडप घालून धरतो. थोडी ओढाओढ, तीही खालच्या अंगाने आणि डावी-उजवीकडे. वर उचलायचं नाही, झटके द्यायचे नाहीत, कारण पिल्लाची मान आणि दात दोन्ही कोवळे असतात. मग मोठं माणूस चिंधी तोंडापासून थोड्या अंतरावर पकडतं, हात स्वतःच्या मांडीला टेकवून घट्ट स्थिर करतं आणि गप्प उभं राहतं. ओढायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. चिंधी मेली.

आपण ओढतो तोवर पिल्लू ओढतं. समोरून जोर लागला की उलटा जोर लावणं हे अंगभूत असतं, माणसाच्या मुलातही असतं. आपण ओढायचं थांबलो की पिल्लू थोडा वेळ एकटंच ओढतं, मग पकड बदलण्यासाठी जबडा किंचित सैल करतं. तो क्षण पकडायचा. सूनबाईंना तो दिसायला वेळ लागला. डोळ्यांआधी तो हाताला कळतो, दोरीतला ताण एकदम उतरतो. त्याच क्षणी “हां!” आणि मुलाच्या हातातली दुसरी चिंधी जमिनीवरून धावत सुटते. भुऱ्या पहिली टाकून दुसरीमागे.

सुरुवातीला हा ताण उतरायला एवढा वेळ लागायचा की मुलगा कंटाळून बसायचा. नंतर तो वेळ आपोआप कमी होत गेला, कारण मेलेली चिंधी चावत बसण्यात भुऱ्याला काही मिळत नव्हतं आणि सोडली की लगेच शिकार पळत होती. हात स्थिर झाला की सोडायचं, हे त्याला समजलं तेव्हा हात थांबवण्याच्या जरा आधी “सोड” म्हणायला सुरुवात केली. मग दुसरी चिंधी काढून टाकली. एकच चिंधी: सोडली की तीच पुन्हा पळते. ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण इथे पिल्लाला कळतं की माणसाच्या हातात गेलेली वस्तू हरवत नाही, जिवंत होते. त्या दिवसापासून भुऱ्या चिंधी घेऊन पळून जायच्याऐवजी आणून द्यायला लागला.

मधूनमधून चिंधी त्याला जिंकू द्यायची. तोंडात मिरवत परडंभर फिरू दे, कुणी मागे धावायचं नाही. डाव छोटे ठेवायचे, मिनिटभराच्या आतबाहेर, आणि मधे दम खाऊ द्यायचा. फार तापलेलं पिल्लू ऐकू शकत नाही.

मुलासाठी दोन नियम होते. कातडीला दात लागला की दोरी हातातून टाकायची आणि झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. किंचाळायचं नाही, पळायचं नाही. किंचाळून पळणारं मूल या जातीला दुसरी चिंधीच वाटतं. आणि मोठं माणूस जवळ नसेल तर खेळ नाही. दुसरा नियम मुलासाठी कमी आणि घरातल्या मोठ्यांसाठी जास्त होता.

दात बदलताना

साडेचार महिन्यांच्या सुमाराला सगळं बिघडल्यासारखं झालं. भुऱ्या पुन्हा सोडेना, चिंधी कराकरा चावायचा, कधी ओढताना मधेच कळवळून मागे व्हायचा. एके दिवशी चिंधीवर रक्त दिसलं आणि घाबरून फोन आला.

दात बदलत होते. साधारण चौथ्या महिन्यापासून समोरचे दुधाचे दात पडायला लागतात, मग सुळे आणि दाढा, आणि सात महिन्यांच्या आसपास ४२ कायमचे दात तोंडात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, चावत राहावंसं वाटतं आणि ओढलं की दुखतं. ओढाओढ बंद ठेवली. चिंधीमागे नुसतं पळणं आणि माजघरातली अदलाबदल चालू ठेवली. ओलं कापड पिळून फ्रिजरमध्ये गार करून चघळायला दिलं, तेही कुणीतरी लक्ष ठेवून, कारण कापडाचे तुकडे गिळले तर आतड्यात अडकू शकतात. पशुवैद्यांना तोंड दाखवून आणलं. दुधाचा सुळा न पडता शेजारी कायमचा सुळा उगवला असेल तर तो वेळेवर काढावा लागतो. भुऱ्याला तसं काही नव्हतं. सुळे बदलून झाल्यावर खेळ पुन्हा सुरू केला आणि गाडी फार मागे गेलेली नव्हती.

तोंडात नको ते गेलं तर

खेळातलं ‘सोड’ आपोआप परड्यातल्या थोटकावर लागू पडत नाही. त्याची वेगळी उजळणी लागते. आधी घरातलीच निरुपद्रवी वस्तू मुद्दाम वाटेत टाकायची: लाकडी चमचा, रिकामा पुठ्ठा, मग चप्पल. भुऱ्याने उचलली की “सोड”, आणि सोडल्यावर चिकन किंवा चिंधीची धाव, त्या वेळी त्याला जे जास्त हवंसं दिसेल ते.

आणि खरंच धोक्याची वस्तू तोंडात असेल तर शब्दाची परीक्षा पाहत बसायचं नाही. मागे धावायचं नाही, मूठभर खाऊ त्याच्यासमोर जमिनीवर विखरून टाकायचा. मान खाली जाते, तोंड उघडतं, ते टिपत असताना वस्तूवर पाय ठेवायचा. खाऊचा बंद डबा परड्याच्या दाराशी आणि सोप्यात असे दोन ठेवले. जाळी उघडी राहिली म्हणून एकदा तंबाखूचं पान तोंडात आलं, तेव्हा सूनबाईंनी हेच केलं. पान पडलं. थोडं गेलं असेल या शंकेने त्या त्याला लगेच पशुवैद्यांकडे घेऊन गेल्या, लक्षणं दिसायची वाट पाहिली नाही. तसंच करायला हवं होतं.

सध्याची स्थिती

भुऱ्या आता सात महिन्यांचा आहे, उंचीला मुलाच्या कंबरेला लागतो. पूर्ण वाढलेला मुधोळ नर खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर होतो, म्हणजे थोडा अजून वाढेल. नातू आणि सूनबाई यांच्याशी खेळताना एकदा “सोड” म्हटलं की सोडतो. काकांच्या हातून बहुतेक वेळा सोडतो. त्यांना बोलताना ओढत राहायची सवय आहे, आणि भुऱ्या शब्दापेक्षा हात ऐकतो. आजोबा दोरीच्या खेळात पडत नाहीत, पण त्यांचा हात तोंडाजवळ आला की भुऱ्या आता मान फिरवत नाही. सुट्टीत कोल्हापूरहून येणाऱ्या भाचरांशी मात्र त्याचं जमत नाही. ती चारही बाजूंनी ओढतात आणि ओरडतात. तेवढे दिवस दोऱ्या फडताळात राहतात आणि भुऱ्याला सकाळ-संध्याकाळ माळावर पळवून आणतात.

हाडाचं काम सुरू आहे आणि ते फक्त मोठ्यांचं आहे. त्याच्या वाटीजवळून जाताना, तो ताठरणार नाही इतक्या अंतरावरून, चिकनचा तुकडा टाकून न थांबता पुढे जायचं. तो मान वर करून ‘आलीस का’ अशा नजरेने बघायला लागला की अंतर पावलाभराने कमी करायचं. वाटीपाशी हे आता होतं. कच्च्या मोठ्या हाडापाशी अजून परड्याच्या निम्म्या अंतरावरच आम्ही आहोत, आणि तिथे घाई करणार नाही. तोवर हाड द्यायचं त्या वेळी परड्याच्या दाराला आतून कडी असते, आणि कडी काढायचा अधिकार फक्त सूनबाईंना आणि आजींना आहे.